एक गिटार, अनेक गाणी



मी आजचा विषय 'विजेची गिटार' असा कळविला तेव्हा आमच्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. जावळीच्या खोऱ्यात चंद्रराव मोऱ्यांवर बोलावे, वेण्णेच्या काठी संतांवर बोलावे. गिटारीचे येथे काय काम, असे त्यांना वाटले असावे. त्यांना मी एवढेच सांगेन, की हा विषय मी शोधावयास गेलो नव्हतो. तो माझ्या दारी चालून आला.

झाले असे, की मेढ्यातील चार तरुण एके सायंकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या मंडळाने गावची वर्गणी आणि मुंबईस नोकरीला असलेल्या गावकऱ्यांची मदत मिळून 25,000 रुपये जमविले होते. पेटी, ढोलकी, पखवाज, डफ, तुणतुणे हे सारे घरचेच होते. उणीव होती ती गिटारीची. त्यांचा कार्यक्रम असा, की आरंभी अभंग, मग पोवाडा, मग लावणी, मग मराठी-हिंदी चित्रपटगीते, आणि त्यांच्यातल्या एका पोराची हौस म्हणून शेवटी एखादे रॉक. "काका," तो पोरगा म्हणाला, "सगळ्याला चालेल अशी एकच गिटार आणि एकच ॲम्प्लिफायर सांगा. पैसे पुन्हा जमायचे नाहीत."

या शेवटच्या वाक्याने मी विचारात पडलो. श्रीमंताची निवड चुकली तर ती हौस ठरते. वर्गणीची निवड चुकली तर ती गावाच्या तोंडी बसते. म्हणून मी दुकानदारांची पत्रके बाजूला ठेवली आणि इतिहासाकडे वळलो. सगळ्या गाण्यांना चालेल असे एकच वाद्य निवडण्याचा प्रसंग महाराष्ट्रावर पहिल्यांदाच आलेला नाही.

पूर्वीचा प्रसंग पेटीचा. हार्मोनियम हे वाद्य फ्रान्समधले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने 1842 साली त्याचे पेटंट घेतले. पायाने भाता हलवावयाचे ते वाद्य हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला हाताचा भाता दिला, आणि मांडी घालून बसणाऱ्या गवयापुढे ते येऊन बसले. आमच्या संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन यांना आपलेसे केले. 1911 साली 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे तर पेटीवादनाचे मानकरीच. कीर्तन, भजन, तमाशा, बैठक, शाळेतली प्रार्थना, कोठेही पेटी नाही असे ठिकाण उरले नाही. बहुरूपी वाद्य म्हणतात ते हेच.

परंतु या बहुरूपीपणाला एक किंमत होती. पेटीचे सूर पट्टीपट्टीने बांधलेले. दोन पट्ट्यांमधून घसरत जाणारी मींड तिला जमत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे रागातील सूक्ष्म स्वरही तिच्या हाती येत नाहीत. या आक्षेपावरून 1940 साली आकाशवाणीने पेटीला आपले दार बंद केले, आणि ते 1971 च्या सुमारास किलकिले होईपर्यंत तीन दशके गेली. दुसऱ्या बाजूला आमच्या सातारा जिल्ह्यातच औंधच्या गजाननबुवा जोशींनी व्हायोलिन हे तितकेच परके वाद्य हाती घेतले आणि त्यातून ख्यालाची गायकी काढून दाखविली. व्हायोलिनला पडदे नाहीत, म्हणून तेथे मींडेला अडसर नाही. म्हणजे प्रश्न वाद्य देशी की परदेशी हा नव्हताच. प्रश्न होता, वाद्याला काय करता येते आणि काय येत नाही हे वाजविणाऱ्याला ठाऊक आहे की नाही हा.

गंधर्व नाटक मंडळीने हा प्रश्न फार शहाणपणाने सोडविला होता. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, पण त्याच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी होती आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता. ऑर्गनने सूर भरून धरावयाचा, गळ्याच्या वळणांमागे सारंगीने जावयाचे. जे एकाला साधत नाही त्यासाठी दुसऱ्याला जागा सोडलेली. ही जागा सोडण्याची गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता गिटारीकडे येऊ. गिटारीला वीज का लागली? उत्तर अगदी साधे आहे: ती ऐकू येत नव्हती म्हणून. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेतील नृत्यगृहांतून तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि ढोल यांचे मोठमोठे ताफे वाजू लागले. त्यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारवाल्याची बोटे हलताना दिसत, पण नाद कोणाच्या कानी पडत नसे. 1831 साली मायकेल फॅरडेने दाखवून दिले होते, की चुंबकीय क्षेत्रात बदल झाला की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. या तत्त्वावर शंभर वर्षांनी, 1931 साली, लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम याने गिटारीच्या तारांपाशी लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र थरथरते, वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि ती वाढवून कर्ण्यात सोडली की आवाज निघतो. या वेटोळ्यालाच आज पिकअप म्हणतात. ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या सहकार्याने पुढील वर्षी ही गिटार बाजारात आली. तिचा ॲल्युमिनियमचा गोल देह आणि लांब दांडी पाहून लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत.

हा तवा मांडीवर आडवा ठेवून, तारांवरून धातूचा दांडा घसरवून वाजवीत. ही हवाई बेटांची पद्धत. आणि येथेच आपला संबंध जुळतो. हवाईचे ताउ मो आपल्या कुटुंबासह हिंदुस्थानात फिरले आणि 1940 च्या दशकात कलकत्त्यास राहिले. ही पद्धत आपल्याकडे रुजली याचे कारण उघड आहे: दांडा घसरला की मींड आपोआप येते, आणि आपले गाणे मींडेवर चालते. हजारा सिंग, व्हॅन शिप्ली आणि कलकत्त्याचे सुनील गांगुली यांच्या गिटारीवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या आमच्या पिढीने पानाच्या दुकानांतून आणि लग्नमांडवांतून किती ऐकल्या असतील, त्याला गणती नाही. शब्द नसताना गाणे ओळखू येत असे, यातच त्या वाद्याचे यश आहे. 1967 साली ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी केली आणि मांडीवरची गिटार रागदारीच्या पंक्तीला सन्मानाने बसली.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र उभी धरून वाजवावयाची, पडदे दाबून स्वरमेळ काढावयाची गिटारही हवी होती. तेथे गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा हात मोठा. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे रसिकांना आता माहीत झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुतारीवाला, कोणी व्हायोलिनवाला. पण पाश्चात्त्य स्वरलेखन आणि स्वरमेळ यांची जी वाट त्यांनी पाडली तिच्यावरूनच गिटार आमच्या चित्रपटगीतात आली. भूपिंदर सिंग यांच्यासारखा गुणी माणूस एका दिवशी गझल गाई आणि दुसऱ्या दिवशी राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणात गिटार धरी. एकाच वादकाला सकाळी भजन, दुपारी कॅबरे, रात्री विरहगीत वाजवावे लागे. माझ्याकडे आलेल्या त्या पोरांचा प्रश्न मुंबईच्या वादकांनी रोजच्या भाकरीसाठी सोडविलेला आहे.

आणि तो त्यांनी अडचणीत सोडविला. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी गिटार ही कोणा खलाशाकडून, कोणा परतलेल्या नातेवाइकाकडून मिळावयाची वस्तू झाली. कलकत्त्याच्या कारखान्यांतून स्वस्त गिटारी निघत, त्यांवर हजारो मुलांची बोटे तयार झाली. पण पडदे उंच, दांडी वाकडी, अशी तक्रार नेहमीची. 1991 नंतर दारे उघडू लागली आणि 2001 साली आयातीवरील उरलीसुरली संख्याबंधनेही बहुतेक उठली. पूर्वी गिटार मिळत नसे म्हणून निवडीचा प्रश्नच नव्हता. आज दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या असतात, आणि प्रश्न उभा राहतो.

बरे, हे सारे मुंबई-कलकत्त्याचे झाले, आमच्या डोंगरात काय, असे कोणी विचारील. इथून उत्तरेस, डोंगर ओलांडला की पाचगणी. तेथील सेंट पीटर्स शाळेत 1958 साली पाच विद्यार्थ्यांनी 'हेक्टिक्स' नावाचा एक ताफा काढला. परदेशी तबकड्यांवरचे रॉक अँड रोल ऐकून ती मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. त्यांच्यात झांजिबारहून आलेला एक पारशी मुलगा पियानोवर बसे. त्याचे नाव फारोख बलसारा. पुढे इंग्लंडात 'क्वीन' नावाच्या ताफ्याचा गायक म्हणून फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगभर गाजला. आपल्या जिल्ह्यात रॉक संगीत कालपरवा दूरचित्रवाणीवरून आले अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. गणपतीच्या मांडवात डफ वाजत होता आणि डोंगरापलीकडे ती मुले पियानो बडवीत होती, त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातल्याच पसरणी गावचे कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, मुंबईत लोकगीताचा आवाज घुमवीत होते. एकाच डोंगराच्या दोन अंगांना ही दोन गाणी होती. त्या पोरांना आज ती एका कार्यक्रमात आणावयाची आहेत, एवढाच फरक.

या 'क्वीन'च्या गिटारीची हकीकत मी मुद्दाम सांगतो, कारण एकाच गिटारीत सर्व गाणी बसविण्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. ब्रायन मे हा लंडनजवळचा शाळकरी मुलगा. दुकानातील गिटार परवडेना, म्हणून 1963 साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार करावयास घेतली. दांडी केली ती एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाची. तारांचा ताण सैल-घट्ट करणारी यंत्रणा बसविली तिच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. हे काम सुमारे दोन वर्षे चालले. पण खरी करामत लाकडात नाही. त्याने गिटारीवर तीन पिकअप बसविले आणि प्रत्येकाला दोन स्वतंत्र बटणे दिली: एक चालू-बंद करण्याचे, दुसरे त्याच्या विजेची दिशा उलटी करण्याचे. त्यामुळे एकाच गिटारीतून बासरीसारखा मऊ, सारंगीसारखा नाकातला, आणि करवतीसारखा तिखट असे कितीतरी आवाज निघू लागले. ही घरगुती गिटार त्याने जन्मभर वाजविली. 2002 साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्याने जी वाजविली ती हीच.

गिटारीचा बहुरूपीपणा पिकअपमध्ये कसा असतो ते आता पाहू. कारखान्यांच्या इतिहासात दोन घराणी आहेत, आपल्या गायकीच्या घराण्यांसारखीच. पहिले लिओ फेंडर याचे. हा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा माणूस; स्वतः गिटार वाजवू शकत नसे. पूर्वीच्या पोकळ गिटारीत एक खोड होती. कर्ण्यातला आवाज फिरून पेटीत शिरे आणि भोंगा वाजल्यासारखा हुंकार सुरू होई. फेंडरने 1950 साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे 'टेलिकास्टर' झाली. 1954 साली त्याने तीन पिकअपची 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. त्याच्या पिकअपमध्ये एकच वेटोळे असते. त्याचा आवाज स्वच्छ, टणत्कारी, झऱ्याच्या पाण्यासारखा. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. दोष असा, की आसपासच्या विजेच्या तारांची घरघर त्यात शिरते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची आहे, आणि मांडवातील रोषणाईच्या माळा डोक्यावर असल्या म्हणजे ही घरघर चांगलीच जाणवते.

दुसरे घराणे गिब्सनचे. या कारखान्याने 1952 साली 'लेस पॉल' ही भरीव गिटार काढली. तेथील सेथ लव्हर या तंत्रज्ञाने घरघरीवर उपाय शोधला. दोन वेटोळी शेजारी ठेवावयाची, एकाचा वेढा आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट. बाहेरून येणारी घरघर दोहोंत परस्परविरुद्ध होऊन नाहीशी होते, तारांचा नाद मात्र दोहोंत एकाच बाजूने जाऊन दुणावतो. 1957 पासून गिटारीवर बसू लागलेल्या या पिकअपला 'हंबकर' म्हणतात. त्याचा आवाज जाड, गोल, दमदार. रॉकला तो फार मानवतो. पण नाजूक स्वरमेळात तारा एकमेकींत मिसळतात.

तेव्हा निवड एकाची की दुसऱ्याची? वादकांनी या वादाचा निकाल स्वतःच लावला. स्ट्रॅटोकास्टरवर निवडीचा खटका मूळचा तीन घरांचा होता. वादक तो मधेच अडकवून ठेवीत आणि दोन पिकअपांचा मिश्र, पोकळसा गोड आवाज काढीत. कारखान्याला शेवटी 1977 साली पाच घरांचा खटका द्यावा लागला. पुढे घोडीजवळ हंबकर आणि मध्ये व दांडीजवळ एकेक वेटोळ्याचे पिकअप, अशी मांडणी रूढ झाली. नाना तऱ्हेची गाणी वाजविणाऱ्याला माझ्या मते हीच सोयीची. दांडीकडच्या पिकअपवर अभंग आणि भावगीत, मधल्या घरांवर लावणीचे तुकडे आणि चित्रपटगीत, घोडीकडच्या हंबकरवर त्या पोराचे रॉक.

आता ॲम्प्लिफायर. लोक गिटारीवर पैसे खर्चून टाकतात आणि उरल्यासुरल्यात ॲम्प्लिफायर घेतात. हे उलटे आहे. गिब्सनने 1936 साली पहिली गाजलेली विजेची गिटार काढली तिचे नाव 'ई.एस. 150'. त्यातील 150 हा आकडा गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या एकत्रित किमतीचा, डॉलरांत. विजेची गिटार ही जोडी आहे, आणि जोडीतला अर्धा आवाज पेटीतून येतो, हे त्या काळच्या कारखानदारालाही कळत होते.

आपल्या गावोगाव कर्णा आला तो भाषणासाठी. शिकागो रेडिओचे कर्णे गांधीजी-नेहरूंच्या सभांतून लागत; पुढे आहुजाचे यंत्र मांडवामांडवांत आले. ही यंत्रे माणसाचा शब्द दूर पोहोचविण्यासाठी केलेली. गिटारीचा ॲम्प्लिफायर निराळा. त्याचा कर्णा 5,000 आवर्तनांच्या वरचे बारीक स्वर बहुतेक गाळतो आणि मधला पट्टा उठावदार करतो. म्हणूनच तिखट केलेली गिटार सभेच्या कर्ण्यात थेट सोडली की ती पत्रा ओरबाडल्यासारखी लागते. ते वादकाचे नव्हे, जोडणीचे पाप असते.

येथे मी माझी एक फजिती सांगतो. तरुणपणी आमच्या ताफ्याने एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून 100 वॉटचा प्रचंड ॲम्प्लिफायर घेतला. जत्रेत मी तो असा सोडला, की पहिल्या रांगेतील म्हाताऱ्यांनी कानांत बोटे घातली. कार्यक्रम संपल्यावर आमचे तुणतुणेवाले आजोबा माझ्यापाशी आले. मला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, तू काय वाजवलंस ते साऱ्या जत्रंला ऐकू आलं. मी काय वाजवलं, ते तुला आलं का?" मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

नंतर कळले, की वॉटांचा हिशेब सरळ नसतो. आवाज कानाला दुप्पट वाटावयास शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे 100 वॉटचे यंत्र 10 वॉटच्या यंत्रापेक्षा दहापट नव्हे, सुमारे दुप्पटच मोठे ऐकू येते. ब्रायन मे याने राजवाड्याच्या गच्चीवर वाजविली त्या गिटारीचीच आणखी एक गोष्ट आहे. 'क्वीन'च्या जॉन डीकन याला कचऱ्याच्या पेटीत एक इलेक्ट्रॉनिक पाटी सापडली. तिच्यातून त्याने एक वॉटच्या आतबाहेरचा ॲम्प्लिफायर बनविला. 1975 च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या तबकडीत एका गाण्यात जणू तुताऱ्या-क्लॅरिनेटचा जॅझ ताफाच वाजतो. तो ताफा नाही. ती गिटार आणि हे एवढेसे यंत्र आहे. बहुरूपीपणाला मोठा आवाज लागत नाही, याला आणखी पुरावा काय हवा?

म्हणून त्या मुलांना मी सांगितले: 20 ते 30 वॉटचा ॲम्प्लिफायर पुरे. त्याला स्वच्छ आवाज नीट आला पाहिजे, कारण तुमची बारा आणे गाणी स्वच्छ आवाजाची आहेत. तिखटपणा वाढविण्याची कळ आणि एकूण आवाजाची कळ वेगळ्या असाव्यात, म्हणजे हळू आवाजातही रॉकचा पोत येतो. त्यातून मांडवाच्या मोठ्या यंत्राकडे तार नेण्याची सोय असावी. हजार माणसांना ऐकविण्याचे काम त्या यंत्राचे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे. तालमीसाठी कानाला लावावयाच्या यंत्राची जागाही असू द्या. कोणी अमेरिकेहून पेटी आणून देतो म्हणाला तर आधी पाहा, ती 120 व्होल्टची तर नाही ना. आपली वीज 230 व्होल्टची आहे.

आणि एक गोष्ट मी आज्ञा म्हणून सांगितली. तीन पिनांची जोडणी आणि पक्के अर्थिंग असल्याशिवाय गिटारीला हात लावावयाचा नाही. 1972 च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या ताफ्याचा गिटारवादक लेस हार्वे कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मेला. ते यंत्र जमिनीशी जोडलेले नव्हते. एका हातात पोलादी तारा, ओठांपाशी मायक्रोफोन. आमच्या मांडवांत याहून वेगळे काय असते? तिसरी पिन मोडून खिळ्यासारखी खोचणारे हात मी पाहिले आहेत. अर्थिंगचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढा.

गिटारीविषयी आणखी थोडे. तिचे पडदे पक्के ठोकलेले असतात. सतारीसारखे सरकवून रागाचा स्वर जुळविता येत नाहीत. पण सतारिया तार ओढतो तशी गिटारीचीही तार बोटाने ओढता येते. म्हणून हलक्या, बारीक तारा लावा आणि ओढण्याचा रियाज करा. पेटीला जे साधले नाही ते थोडेफार तुम्हाला साधेल. घोडी शक्यतो पक्की असलेली घ्या. हलणाऱ्या घोडीची गिटार कार्यक्रमात एक तार तुटली की सगळीच बेसूर होते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिन्यांत तारा गंजतात, दांडीला बाक येतो. दांडीत लोखंडी सळई असते, ती जाणकाराकडून वर्षातून एकदा जुळवून घ्या. 25,000 त गिटार, पेटी, तारा, अर्थिंग हे सारे बसते. फक्त नावासाठी पैसे देऊ नका.

शेवटी त्यांनी विचारले, "काका, दुकानात पारख कशी करायची?" मी म्हटले, "दुकानात एकट्याने वाजवून कोणतीही गिटार चांगलीच वाटते. जाताना ढोलकीवाल्याला आणि तुणतुणेवाल्याला बरोबर घेऊन जा. तिघे मिळून वाजवा. ज्या गिटारीवर, ज्या कळेवर तुणतुण्याची तार तुम्हाला ऐकू येत राहील, ती घ्या."

गिटारीला वीज लागली ती इतरांच्या गोंगाटात तिचे ऐकू यावे म्हणून. आता शंभर वर्षे होत आली, आणि तिच्या गोंगाटात इतरांचे ऐकू यावे ही काळजी आपल्याला वाहावी लागते. पेटीच्या वेळी आपण हाच धडा शिकलो होतो. सर्वांना चालणारे वाद्य म्हणजे सर्वांची कामे करणारे वाद्य नव्हे. सर्वांना शेजारी बसू देणारे वाद्य. गंधर्व मंडळीच्या ऑर्गनने सारंगीला जागा दिली तशी या गिटारीने तुणतुण्याला द्यावी. पोवाड्यात तर तिने फारसे काही करूच नये. एकच तार धरावी, शाहिराच्या मागे राहावे, आणि तुणतुण्याकडून शिकावे.

ती मुले पुढल्या आठवड्यात दुकानाला जाणार आहेत. तुणतुणेवाले बरोबर आहेत, असे कळते. त्यांचे म्हातारपण पाहता एस.टी.त त्यांना बसावयास जागा द्यावी, एवढी या सभेतील प्रवाशांना माझी विनंती आहे.